मोकळ्या प्लॉटवरचं जलावतरण

औरंगाबादला समुद्र नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक असेल असं मी धरून चाललो, तिथंच फसलो.

मी मुकुंद हर्सूलकर. जहाजं बांधणाऱ्या एका सरकारी कारखान्यात विक्री विभागात होतो. कारखाना अर्थातच किनाऱ्यावर. काम चोख, पण घाई म्हणून नाही. एखादं जहाज बांधायला घेतलं की ते मागवणारा साहेब निवृत्त व्हायचा, त्याच्या जागी आलेलाही निवृत्त व्हायचा, आणि तिसऱ्याला हे जहाज तुमच्याच खात्यानं मागवलंय हे शपथेवर पटवून द्यावं लागायचं. असं सगळं सुरळीत चाललं असताना, नव्वद सालानंतर दिल्लीला एकाएकी वाटायला लागलं की सरकारी कारखान्यांनी आता आपलं पोट आपण भरावं. आमच्या कारखान्याला हे फारच मनाला लागलं. इतकी वर्षं देशाची सेवा केली आणि आता हिशेब विचारतात, अशी भावना पसरली. पण हुकूम तो हुकूम. मोठी जहाजं कुणी घेत नसेल तर लहान नावा विका, समुद्रावर गिऱ्हाईक नसेल तर धरणांवर जा, असं ठरलं आणि मुलखामुलखांत विक्री कार्यालयं निघाली. मराठवाड्याचं कार्यालय मी हातापाया पडून मागून घेतलं.

माझी बायको दमयंती इथल्या शाळेत शिक्षिका. लग्न झाल्यापासून ती इथं आणि मी तिथं. मी मेसचं पाणीदार वरण ओरपत होतो, आणि आमची मुलगी प्रमोदिनी मला दिवाळीला येणारा कुणी पाहुणा समजून निघताना "पुन्हा या हं" म्हणत होती. ते ऐकून स्टँडपर्यंतच्या रिक्षात मी चक्क रडलो आहे. तेव्हा बदली मिळाली म्हटल्यावर मी धरणात पाणी किती, गिऱ्हाइकं किती, असले क्षुद्र प्रश्न विचारले नाहीत. गुलमंडीवर एका कापड दुकानाच्या माडीवर खोली मिळाली. बाहेर पाटी लावली. वर्षभर जी माणसं जिना चढून आली, त्यांतल्या बहुतेकांना अस्तराचं कापड हवं होतं.

आणि मग जनरल मॅनेजर साहेबांचा फोन आला. "हर्सूलकर, वर्षभरात नावा किती गेल्या?"

"साहेब, चौकशा उत्तम आहेत."

"चौकशांवर कारखाना चालत नाही. मार्चअखेर एक नाव विका. नाहीतर ते कार्यालय बंद आणि तुम्ही परत इकडे. आणि विक्री म्हणजे आपल्या नियमानं विक्री. जलावतरण झालं पाहिजे. नावेला पाणी लागल्याशिवाय मी विक्री धरणार नाही."

नियम जुना होता. पूर्वी एकदा गिऱ्हाइकानं जहाज धक्क्यावर पाहून पसंत केलं, विक्री झाली म्हणून पेढे वाटले गेले, आणि पाण्यात सोडल्यावर ते एका कुशीवर जाऊन झोपलं. तेव्हापासून आधी पाणी, मग पेढे.

दमयंतीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं नाही. "तुम्हाला जावं लागलं तर जा," ती म्हणाली. "नोकरी आहे, मी अडवणार नाही. पण मी आता पुन्हा स्टँडवर पोचवायला येणार नाही. मला ते जमत नाही." एवढंच बोलली आणि कुणाच्या तरी निबंधावर जोरात फुली मारली.

मुख्यालयानं मला मदत म्हणून, न विचारता, नमुन्याची एक नाव पाठवून दिली. खरं कारण मला पुढे कळलं. कारखान्यात सत्यनारायणाला जागा हवी होती. नाव चांगली दणकट, लोखंडी, पांढरी, बाजूला निळा पट्टा. मोठ्या ट्रेलरवर बसून ती जकात नाक्यापर्यंत आली आणि तिथं अडली. जकातीच्या दरपत्रकात जहाज नव्हतं. नाक्यावरच्या मिर्झासाहेबांनी ते तीनदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मुकुंदसाहब," ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "आप बोल रे जहाज है, हौ, मान लिया. मगर समंदर कां है?"

मी म्हटलं, "धरण आहे ना पैठणला."

"तो पैठण लेके जाओ ना साहब. शहर में जहाज काय कू लाए?"

मग त्यांनी चहा मागवला आणि आम्ही दोघं मिळून विचार करू लागलो. फर्निचरमध्ये घालावं तर आत बसायला बाकं होती, पण पलंग नव्हता. वाहनात घालावं तर चाकं नव्हती. चाकं ट्रेलरला होती, पण ट्रेलर परत जाणार होता. मागं खोळंबलेल्या ट्रकवाल्यांनीही आपापली मतं दिली. शेवटी "भांडी, मोठी" या सदराखाली कारखान्याची नाव औरंगाबाद शहरात दाखल झाली. मला ते अपमानास्पद वाटलं. तसं मी मिर्झासाहेबांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "साहब, भांडा बोले तो इज्जतकी चीज है. घर भांडेसेच चलता."

गुलमंडीच्या बोळात नाव शिरणं शक्यच नव्हतं. छावणीत मोकळं मैदान आहे म्हणून तिकडे नेली, तर पहाऱ्यावरच्या जवानानं पायलीभर प्रश्न विचारले. नावेवर तोफ आहे का, हा त्यांतला पहिला. नाही म्हटल्यावर त्याचा रसच गेला आणि त्यानं गाडी उलटी फिरवायला लावली. अखेर संध्याकाळी ती आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, सोसायटीच्या नियोजित सभागृहासाठी कधीतरी खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या काठावर, क्रेननं उतरवून घेतली. अख्खी कॉलनी गच्चीवर.

आता एक नाजूक बाब सांगायला हवी. कॉलनीत आल्यापासून मी "जहाजात असतो" असं सांगत असे. त्यात खोटं काही नव्हतं. पण लोकांनी त्यावरून मला पांढऱ्या टोपीत, दुर्बिणीसकट उभा केला होता आणि मीही तो मोडायला गेलो नव्हतो. ती नाव पाहून लोकांचे चेहरे पडले. शेजारचे बद्रीनाथराव, चिकलठाण्याला कारखान्यात फोरमन, मूळचे पिशोरकडचे, नावेभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "साहेब, हेच का तुमचं जहाज? आम्हाला वाटलं लई मोठं आसंल."

"हा नमुना आहे," मी म्हणालो.

"व्हय व्हय. नमुनाच हाय," ते म्हणाले, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सल्ल्यांना आमच्या कॉलनीत तोटा नाही. नळाला पाणी नसेल, पण सल्ला असतो. एकानं सुचवलं की तिच्यात रसवंती काढा. दुसऱ्यानं सांगितलं, नवरदेवाच्या वरातीला भाड्यानं द्या, घोड्याला चारा लागतो, हिला काही लागत नाही. एका निवृत्त तलाठ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की प्रलयाबद्दल सरकारला काही आतली बातमी आहे का. बद्रीनाथरावांच्या आई, मनकर्णाबाई, कुणाशी काही न बोलता आल्या, नावेला हळदकुंकू वाहिलं, पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली आणि मला म्हणाल्या, "मुकुंदा, नवं वाहन हाय. आसं उघडं ठिऊ नाय." त्या दिवसापासून बायका येता-जाता नावेला नमस्कार करू लागल्या. गिऱ्हाईक मात्र एकही येईना. फेब्रुवारी सरत आला. त्या साली पाऊस रुसला होता, धरण तळाला गेलं होतं, आणि तळ्यांच्या जागी पोरं क्रिकेट खेळत होती. अशा वर्षी नाव विकायला निघालेला माणूस कसा दिसतो, ते मला लोकांच्या डोळ्यांत रोज दिसत होतं.

शेवटी बद्रीनाथरावांनाच माझी दया आली. त्यांनी पिशोरहून आपले मेहुणे कडूबाजी यांना बोलावून घेतलं. कडूबाजी म्हणजे आल्याच्या पिकात हात धुऊन घेतलेले बागायतदार. त्यांचं अर्धं रान तलावाच्या अलीकडे, अर्धं पलीकडे. चांगला पाऊस झाला की मध्ये पाणी पसरायचं आणि मोठा वळसा पडायचा. मी त्यांना खुर्ची दिली, माहितीपत्रक दिलं, नावेचा वेग, वजन, आयुष्य सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी माहितीपत्रकानं वारा घेतला.

"दाजी म्हणले म्हणून आलो," कडूबाजी म्हणाले. "सायेब, बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो. मंग जुंपून चालवून बघतो. चालला तर कासरा हातात. हिचं दात मला काय कळत नाय. तरंगून दाखवा. तरंगली की घेतली."

"पण पाणी कुठंय?"

"ते तुमी बघा. नाव तुमची हाय."

म्हणजे तिकडून साहेब म्हणतात पाणी लावा, इकडून कडूबाजी म्हणतात पाण्यात सोडा, आणि मार्च तर डोक्यावर बसलेला. मी रात्रंदिवस पाण्याचाच विचार करू लागलो. दमयंती माझ्या आवडीच्या भाज्या एकामागून एक करू लागली होती. परगावी निघालेल्या माणसाला करतात तशा. शेवटी युक्ती बद्रीनाथरावांनी काढली. "साहेब, खड्डा हायच की आयता. टँकर मागवा. खड्डा भरा. नाव ढकला. तरंगली की सही घ्या. लई डोकं नका लावू."

युक्ती निर्दोष वाटली. मी टँकर ठरवला, क्रेन ठरवली, कडूबाजींना बोलावलं, फोडायला नारळ आणला. स्वागतासाठी दोन ओळींचं भाषणही तयार केलं. त्यात देशाच्या सागरी परंपरेचा उल्लेख होता. फक्त एक गोष्ट मी पाहिली नाही. त्या आठवड्यात कॉलनीच्या नळाला पाणी आलेलंच नव्हतं. सरकारी कार्यालयात बसून माणसाला अशी सवय लागते की आपल्या कामाची तारीख ती साऱ्या जगाची तारीख.

टँकर वळणावर दिसला आणि घराघरांतून हंडे, कळश्या, बादल्या, पिंपं बाहेर पडली. मी हात वर करून सांगत होतो की हा टँकर सरकारी कामाचा आहे. "मंग आमी काय पाकिस्तानचे हाव का?" मागून कुणीतरी विचारलं. टँकरवाला फकिरा, त्याला पैसे मी दिले होते म्हणून त्यानं इमानानं पाइप खड्ड्यात सोडला. पाणी धो धो पडलं, आणि मुरमात सरळ गडप झालं. खड्डा नुसता ओला झाला. फकिरा म्हणाला, "साहेब, ही भुई तहानलेली हाय. हिला दहा टँकर पाजले तरी ढेकर द्यायची नाय."

अर्धा टँकर मातीत गेला तेव्हा मनकर्णाबाई पुढं आल्या. पदर खोचलेला.

"आरं मुकुंदा, शाळा शिकला ना तू? पोरींना आंगूळ नाय चार दिस झाले. त्या बाळंतीण सरूला फडकी धुवायला पाणी नाय. आन् तू भुईत वततो व्हय? कशापायी, तर नाव पवती का बघाया?"

"मावशी, हा माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली. "नाव गेली नाही तर मला परत जावं लागेल."

त्या फकिराकडे वळल्या. "ए पोरा, काढ तो पाइप. त्या नावंत टाक. पाणी तरी ऱ्हाईल."

"नावेत?" मी ओरडलो. "मावशी, नाव पाण्यात टाकतात! पाणी नावेत नाही टाकत!"

"गप बस," मावशी म्हणाल्या. फकिरानं पाइप नावेत टाकला.

माझ्या डोळ्यांदेखत, कारखान्यातल्या तमाम इंजिनिअरांनी ज्या एका गोष्टीपासून वाचावी म्हणून जिवापाड बांधली होती, त्याच गोष्टीनं ती नाव काठोकाठ भरली. आणि एक थेंब गळाला नाही. बायकांनी रांग लावली. मनकर्णाबाई मधल्या बाकावर पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहून एकेकीचा हंडा भरून देऊ लागल्या. भांडण नाही, धक्काबुक्की नाही. दमयंतीही आपली कळशी घेऊन रांगेत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ते फार बरं केलं. मी नारळ हातात घेऊन उभा होतो. कुणाच्या तरी लक्षात आलं, त्यानं तो माझ्या हातून काढून फोडला आणि खोबरं वाटून टाकलं. भाषण राहिलं ते राहिलंच.

कडूबाजी या सगळ्यात कुठं दिसेनात. पाहतो तर ते नावेच्या बुडाखाली वाकून, तळहात फिरवत, जोडन् जोड चाचपत होते. पुन्हा पुन्हा हात पाहायचे. कोरडा. उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "घेतली."

"पण तरंगली कुठं?"

"तरंगून काय करायचंय, सायेब? पाऊस येईल तवा बघू. आमच्या रानात जनावरं तडफडायलीत. सिमिटाचा हौद बांधला, तडकला. पत्र्याची टाकी गळती. आसा हौद मी जन्मात बघितला नाय. थेंब सोडत नाय, मायला!"

हौद. आयुष्यभर जहाजात असलेल्या माणसाच्या तोंडावर हौद. पण त्यांनी सही केली.

घरच्या फोनवर एसटीडी नव्हती, म्हणून बूथवरून साहेबांना फोन लावला. "साहेब, एक गेली."

"शाबास! जलावतरण झालं? नावेला पाणी लागलं?"

"पूर्ण लागलं, साहेब. सगळीकडून." कुठल्या बाजूनं, हे त्यांनी विचारलं नाही. सरकारी नोकरीत जेवढं विचारलं तेवढंच सांगावं, ही शिस्त मी कधी मोडलेली नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण कडूबाजींच्या रानात ती नाव कडुनिंबाखाली दगडांवर बसली, म्हशी तिच्यात तोंड घालून पाणी पिऊ लागल्या, आणि बातमी कन्नड तालुक्यात फिरली. आठवडी बाजारात तिची चर्चा झाली. माझ्या माडीचा जिना वाजू लागला, आणि आता कुणी अस्तर मागत नव्हतं. "ती भांडी, मोठी, कुठं मिळती?" असं, नावेला चिकटलेल्या जकातीच्या पावतीवरचं नाव घेऊन, विचारत माणसं येत. मी आधी नाक मुरडायचो, मग नोंद करायचो. मे महिन्यापर्यंत अशी परिस्थिती आली की समुद्रकाठच्या सगळ्या कार्यालयांनी मिळून विकल्या नसतील एवढ्या नावा एकट्या मराठवाड्यानं, भर दुष्काळात, उचलल्या. मुख्यालय थक्क झालं. दिल्ली थक्क झाली. हा चमत्कार पाहायला आणि देशभर लागू करायला एक समिती यायची ठरली.

समिती आली. अध्यक्ष दिल्लीच्या जहाज खात्याचे एक वयस्क सचिव. दुष्काळ असल्यामुळे राज्याच्या पाणीपुरवठा खात्याचेही एक साहेब बरोबर. जीपमध्ये जनरल मॅनेजर साहेब माझ्या शेजारी. पिशोरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हर्सूलकर, समिती खूश झाली की तुम्ही मुख्यालयात. मुख्य विक्री अधिकारी! तुमच्यासारख्या माणसाला त्या माडीवर कुजवणं पाप आहे. सकाळीच तुमच्या घरी फोन करून मिसेसना बातमी दिली. खूप आनंद झालेला दिसला. बोलताच येईना त्यांना."

समिती नाराज झाली, कार्यालय बंद, मी किनाऱ्यावर. समिती खूश झाली, बढती, मी किनाऱ्यावर. इकडे आड तिकडे विहीर ऐकलं होतं, पण दोन्हींत समुद्राचं खारं पाणी असेल असं वाटलं नव्हतं. दमयंतीला बोलता येत नव्हतं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

कडूबाजींच्या रानात समिती नावेभोवती उभी राहिली. एक म्हैस नावेतून मान वर काढून समितीकडे पाहू लागली. सचिव म्हणाले, "हे जहाज आहे की हौद?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जहाज म्हणालो असतो तर मी नापास होतो, कारण समोर हौद होता. हौद म्हणालो असतो तर तो हजारोंनी खपणारा हौद होता, आणि मी मुख्य अधिकारी. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत मी जे काही शिकलो होतो ते त्या क्षणी माझ्या मदतीला धावलं.

"साहेब," मी म्हणालो, "उन्हाळ्यात हौद. पावसाळ्यात जहाज."

"व्हय," कडूबाजी म्हणाले. "पावसाळ्यात येऊन बघा की."

पाणीपुरवठ्याचे साहेब चटकन पुढं सरकले. "हौद असेल तर हा विषय आमच्या खात्याचा."

"बांधणी जहाजाची आहे," सचिव ताठ होऊन म्हणाले. "जोपर्यंत ती तरंगू शकते, तोपर्यंत ती आमची."

"तरंगलेली कुणी पाहिली आहे का?"

"तिच्यातलं पाणी काढा, आत्ता दाखवतो."

"काढून सोडणार कुठं? पाणी आमच्या खात्याचं आहे."

म्हशीनं पुन्हा मान खाली घातली. जनरल मॅनेजर साहेबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही त्यांना गप्प केलं. कडूबाजींनी सगळ्यांना ताक दिलं. ताक पिता पिता असा निर्णय झाला की या वस्तूचं स्वरूप केंद्र आणि राज्य मिळून निश्चित करेपर्यंत योजना वाढवू नये, बंदही करू नये, आणि संबंधित कार्यालय व त्यातला कर्मचारी यांत तोवर कोणताही फेरफार करू नये. परतीच्या वाटेत मी जनरल मॅनेजर साहेबांना वेरूळचा घाट दाखवला, त्यांनी पाहिला नाही.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रमोदिनी ओट्यावर अभ्यास करत होती. आत पलंगावर माझी बॅग उघडी होती. शर्ट इस्त्रीचे, टॉवेल, औषधाची पुडी, आणि मध्ये, कपड्यांना तेल लागू नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी. दमयंती पाठमोरी उभी राहून बरणीला सुतळी बांधत होती.

"जात नाही मी," मी म्हणालो. "वस्तूचं स्वरूप ठरेपर्यंत मला हलवायचं नाही, असा निर्णय झाला."

तिनं वळून पाहिलं नाही. "कोण ठरवणार?"

"एक खातं केंद्राचं. एक राज्याचं."

"दोघं मिळून?"

"दोघं मिळून."

दमयंती शाळेतली बाई. तिनं हिशेब माझ्या आधी केला. सुतळीची गाठ सोडली, पिशव्या एकेक करून काढल्या, बरणी स्वयंपाकघरात नेली आणि तिथूनच, आवाज जरा ओला करून, मला हाक मारली, "पानं घेतलीत. हे लोणचं आता इथंच संपवा."